टोकियोच्या ट्रिपमधला एक दिवस डिस्नीसीचा: आम्ही कसा ठरवला

गेल्या महिन्याभरात तीन मैत्रिणींनी मला तोच प्रश्न विचारलाय. टोकियोला चाललोय, सहा-सात दिवस आहेत, त्यातला एक दिवस डिस्नीला द्यायचाय, तर कुठल्या राइड्स करू ते सांग. आणि तिघींनाही मी तेच सांगितलं की राइड्सची यादी सगळ्यात शेवटी कर. आधी दिवस ठरव, मग सोबत कोण आहे ते बघून वेळ ठरव, आणि त्यातून जे उरेल त्यात राइड्स बसव. आम्ही पहिल्यांदा उलटं केलं होतं, यादीपासून सुरुवात केली होती आणि पंधरा दिवस नुसते व्हिडिओ बघण्यात गेले, शेवटी तो सगळा कागद बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून बसलो तेव्हा कुठे प्लॅन जमला. फोनवर प्रत्येकीला अर्धा अर्धा तास सांगून झालंय म्हणून आता नीट लिहूनच काढते.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि माझी आई. आई अडुसष्ट वर्षांची, चालते व्यवस्थित, पण गुडघे दुखतात, सलग तासभर उभं राहणं तिला जमत नाही, आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, टोकियोत सहा रात्री, हॉटेल उएनो भागात. बाकी बहुतेक दिवस शहराचेच होते, आसाकुसाचं सेन्सोजी मंदिर, शिबुया, एक दिवस टोकियोबाहेरचं कामाकुरा, असं.

पहिला प्रश्न कुठलं पार्क. टोकियोत डिस्नीची दोन पार्क शेजारी शेजारी आहेत. टोकियो डिस्नीलँड १५ एप्रिल १९८३ ला उघडलं, अमेरिकेच्या बाहेरचं ते पहिलं डिस्नी पार्क, आणि डिस्नीसी ४ सप्टेंबर २००१ ला. नावात टोकियो असलं तरी दोन्ही खरं तर शेजारच्या चिबा प्रांतात, उरायासु नावाच्या शहरात आहेत, अगदी टोकियोच्या खाडीला लागून. साध्या एका दिवसाच्या तिकिटात एकच पार्क होतं, त्यामुळे सकाळी हे आणि संध्याकाळी ते हा विचार डोक्यातून काढून टाका. डिस्नीलँडमध्ये तो राजवाडा आहे, परेड आहे, अगदी लहान मुलांसाठी भरपूर आहे. डिस्नीसीसारखं पार्क मात्र जगात दुसरीकडे कुठेच नाही, सगळं समुद्र आणि बंदरांच्या कल्पनेवर बांधलेलं, मध्ये राजवाड्याच्या जागी एक मोठा ज्वालामुखी, आणि आठ वेगवेगळी बंदरं म्हणजे आठ भाग. माझं मत स्पष्ट आहे, मूल चार-पाच वर्षांचं असेल तर डिस्नीलँड, त्यापेक्षा मोठं असेल किंवा सोबत आईवडील असतील तर डिस्नीसी. कारण तिथे राइडमध्ये न बसता नुसतं फिरायला, पाण्याकाठी बसायला, बोटीतून जायला इतकं आहे की राइड न करणाऱ्या माणसाचा दिवस वाया जात नाही. आमच्या घरी हे आईमुळे ठरलं.

आता दिवस कुठला. याच्यावर मी सगळ्यात जास्त जोर देते. इंटरनेटवर जेवढे सल्ले वाचाल ते बहुतेक अमेरिकन लोकांनी लिहिलेले असतात आणि ते सांगतात की ट्रिपच्या सुरुवातीलाच पार्क करून टाका, कारण जेटलॅगमुळे तुम्हाला पहाटे चारला आपोआप जाग येते. आपल्याला हे उलटं पडतं! जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तिथले सकाळचे सहा म्हणजे आपल्या शरीराचे रात्रीचे अडीच. पहिल्या दोन दिवसांत लेकीला सकाळी साडेआठला उठवणंसुद्धा अवघड जात होतं, आणि आमच्या पहिल्या प्लॅनमध्ये डिस्नी दुसऱ्या दिवशी होतं. म्हणजे अडीचला उठवलेलं मूल आणि अडीचला उठवलेली आजी घेऊन दिवसभर रांगेत. हे वेळेवर लक्षात आलं आणि आम्ही तो दिवस चौथा केला, तोपर्यंत सगळे रुळले होते, ट्रेनची सवय झाली होती, आईचं जेवणाचं गणित बसलं होतं. पाचवा दिवस मुद्दाम रिकामा ठेवला, कसलंही बुकिंग नाही, हॉटेल बदलायचं नाही, कामाकुरा तर अजिबात नाही, नुसतं उएनो पार्क, चालत जाता येईल असं. सहावा म्हणजे शेवटचा दिवस डिस्नीला द्यायचा मोह खूप जणांना होतो, शेवट गोड म्हणून, पण दुसऱ्या दिवशी विमान असेल तर बॅगा भरणार कधी आणि पाऊस पडला तर तिकीट पुढे ढकलायला दिवसच उरत नाही.

मग आठवड्यातला वार. शनिवार-रविवार तर सोडाच, पण सोमवारसुद्धा शक्यतो नको, कारण शाळांचे कार्यक्रम शनिवार-रविवारी झाले की बदली सुट्टी बऱ्याचदा सोमवारी मिळते. मंगळवार ते गुरुवार बरे. आणि एक गोष्ट जी मला खूप उशिरा कळली, तिथे प्रांताप्रांताचे आपापले दिवस असतात, त्या दिवशी तिथल्या बऱ्याच शाळांना सुट्टी असते, आणि सगळी मुलं डिस्नीला येतात. टोकियोचा १ ऑक्टोबर, चिबाचा १५ जून, सायतामाचा १४ नोव्हेंबर. कॅलेंडरवर साधा बुधवार दिसतो आणि प्रत्यक्षात पार्क भरलेलं. आम्ही आधी बघत होतो तो दिवस नेमका १४ नोव्हेंबरला लागून होता, म्हणून पुढच्या आठवड्यावर गेलो, २३ नोव्हेंबरच्या राष्ट्रीय सुट्टीच्या आधी. बाकी एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातला सलग सुट्ट्यांचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यातला ओबोनचा सण, मार्चअखेरच्या शाळांच्या सुट्ट्या हे टाळाच. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ६-७ मेनंतरच्या तारखा बघाव्यात.

हे सगळं पाठ करायचं नसेल तर सोपी खूण सांगते, तिकिटाची किंमतच गर्दी सांगते. दर दिवसाला वेगळा दर असतो, मोठ्यांचं तिकीट आम्ही बघितलं तेव्हा ७९०० पासून १०९०० येनपर्यंत होतं, आणि ज्या दिवशी महाग त्या दिवशी त्यांनीच गर्दी धरलेली असते. ४ ते ११ वर्षांच्या मुलांचं तिकीट स्वस्त, तीन वर्षांपर्यंत फुकट. तिकीट तारखेचं असतं आणि साधारण दोन महिने आधी, जपानच्या दुपारी दोनला म्हणजे आपल्या सकाळी साडेदहाला विक्रीला येतं. साध्या वारी इतकी घाई लागत नाही, पण तारीख ठरली की काढून टाकलेलं बरं, मनाला शांतता मिळते.

आणि इथेच ते कार्डाचं प्रकरण. भारतात कार्डावरचे परदेशातले व्यवहार आपण स्वतः चालू केल्याशिवाय चालत नाहीत, हे चालू करायचं निघायच्या आधी आठवणीने करा, दोन कार्डांवर करा. आम्ही तिकिटं घरूनच काढली त्यामुळे ते निभावलं, पण पार्कमध्ये अ‍ॅपवरून पैसे भरायची वेळ आली तेव्हा ओटीपी आला तो नवऱ्याच्या भारतातल्या सिमवर, आणि ते सिम फोनमधून काढून हॉटेलच्या बॅगेत ठेवलेलं होतं कारण त्या जागी जपानचं सिम घातलं होतं. सकाळी नऊला गेटच्या आत उभं राहून हे कळणं फार जिवाला लागतं हो, कारण त्या वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं. माझ्या फोनमध्ये ई-सिम होतं आणि भारताचं सिम रोमिंगवर चालू होतं, म्हणून माझ्या कार्डावर झालं. तेव्हा एका तरी फोनमध्ये ई-सिम घ्या आणि बँकेला जोडलेलं सिम आतच राहू द्या.

पैसे कशाला भरायचे ते सांगते. पार्कचं अ‍ॅप असतं, इंग्रजीत वापरता येतं, सगळ्यांची तिकिटं एका फोनमध्ये जोडून ठेवायची. आत शिरल्यावर (आधी नाही, तिकीट स्कॅन झाल्यावरच) त्यात दोन प्रकारचे पास घेता येतात. एक विकतचा, प्रीमियर अ‍ॅक्सेस, ठरावीक वेळेला जायचं आणि मोठी रांग टळते, राइडप्रमाणे माणशी १५०० ते २५०० येन. दुसरा प्रायॉरिटी पास, फुकट, तो आम्ही गेलो तेव्हा दुसऱ्या काही राइड्सना मिळत होता. एक घेतला की पुढचा घ्यायला ठरावीक वेळ थांबावं लागतं आणि दोन्ही संपतात, लोकप्रिय राइड्सचे तर सकाळी लवकरच संपतात. म्हणून मी मैत्रिणींना सांगते की विकतचा पास कशाचा घ्यायचा हा एकच निर्णय आदल्या रात्री पक्का करून झोपा. गेटच्या आत उभं राहून चर्चा करायची नाही.

आमचा निर्णय फ्रोझनच्या राइडचा होता. जून २०२४ मध्ये डिस्नीसीमध्ये फँटसी स्प्रिंग्स नावाचा आठवा भाग सुरू झाला, ३२० अब्ज येन खर्चून बांधलेला, त्यात फ्रोझन, रपुंझेल आणि पीटर पॅन यांचे आपापले कोपरे आहेत आणि सगळ्यांना तिथेच जायचं असतं. चौघांचे मिळून ८००० येन गेले. ही रक्कम छोटी नाही. पण आईला दीड-दोन तासांच्या रांगेत उभं करणं शक्यच नव्हतं, आणि तिला बाहेर बसवून आपण ती बोट बघून यायची हे मला पटत नव्हतं. बोटीतून जायची राइड आहे, शेवटी शेवटी थोडी खाली घसरते, आईने हात घट्ट धरला पण उतरल्यावर चेहरा बघण्यासारखा होता. बाकी कुठल्याही राइडला आम्ही पैसे भरले नाहीत, आणि पुन्हा गेलो तरी असंच करू, एकच, आणि ती सगळ्यांनी मिळून करायची.

पोचायचं कसं याबद्दल थोडं, कारण इथे बराच वेळ जातो. पार्कचं स्टेशन माइहामा, केइयो लाइनवर. टोकियो स्टेशनवरून पंधरा मिनिटांचं अंतर, असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे, पण टोकियो स्टेशनात केइयो लाइनचे प्लॅटफॉर्म बाकी स्टेशनपासून इतके लांब आणि खोल आहेत की नुसतं चालतच दहा-पंधरा मिनिटं जातात, मध्ये सरकते पट्टे आहेत तरी. आम्ही उएनोहून हिबिया लाइनने हाच्चोबोरीला गेलो आणि तिथे केइयो लाइन पकडली, टोकियो स्टेशनात शिरलोच नाही. आईला खूप सोपं पडलं. दुसरं म्हणजे केइयो लाइन खाडीकाठाने जाते, जोराचा वारा सुटला की गाड्या उशिरा धावतात किंवा थांबतात. तसं झालं तर तोझाई लाइनने उरायासु स्टेशनला जाऊन तिथून बस आहे, आम्हाला लागली नाही पण कागदावर लिहून ठेवली होती.

माइहामाला उतरल्यावर एक मोनोरेल आहे, मिकीच्या आकाराच्या खिडक्या आणि मिकीच्या आकाराच्याच हातात धरायच्या कड्या. तिचं तिकीट वेगळं, सुइका कार्ड (तिथल्या ट्रेन-बसचं पैसे भरून ठेवायचं कार्ड) चालतं. ती एकाच दिशेने गोल फिरते, त्यामुळे जाताना डिस्नीसी शेवटचं स्टेशन येतं आणि परतताना मात्र एकच स्टेशन. जाताना चालत गेलात तरी चालेल, पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात, पण आमच्याकडे चालण्याची बचत करायची होती. हा शब्द मी घरी इतका वापरला की लेक पण म्हणायला लागली, आज्जीचं चालणं वाचवायचंय.

नऊची वेळ जाहीर असली तरी गेट बऱ्याचदा आधी उघडतात आणि लोक सातपासून उभे असतात. आम्ही पावणेआठला पोचलो. रांगेतली शिस्त बघण्यासारखी, सगळ्यांनी चटया अंथरलेल्या, मुलं चित्रं काढत बसलेली, कुणी ढकलत नाही. आम्हीही शंभर येनच्या दुकानातून दोन पातळ चटया घेऊन गेलो होतो, आई तिथेच बसली. ही चटई दिवसभरात चार वेळा कामी आली, मला विचाराल तर पॉवर बँकइतकीच महत्त्वाची.

आता दिवसाची रचना. आम्ही दिवसाचे तीन तुकडे केले होते, पण तासातासाचं वेळापत्रक नाही. सकाळी सगळे एकत्र, फ्रोझन आणि तो नवा भाग. दुपारी दोन दोन जणांच्या जोड्या. अंधार पडल्यावर पुन्हा एकत्र.

दुपारच्या जोड्यांबद्दल खूप जणींना शंका असते की ट्रिपला एकत्र गेलो आणि वेगळं का फिरायचं. पण आठ वर्षांच्या मुलीला ज्वालामुखीच्या आतून सुसाट जाणारी राइड करायची असते आणि अडुसष्ट वर्षांच्या बाईला चहा प्यायचा असतो, यात कुणी कुणासाठी थांबायचं? नवरा आणि लेक सेंटर ऑफ द अर्थच्या रांगेत गेले, तासाभराची रांग होती. तिथे उंचीची अट ११७ सेंटिमीटर आहे, लेक १२४. इंडियाना जोन्स आणि रेजिंग स्पिरिट्सलाही ११७ लागतात, टॉवर ऑफ टेरर आणि सोअरिंगला १०२. घरी मोजून जा, शूज काढून, आणि मुलाला आधीच सांगा की अमुक राइड या वेळी नाही. रांगेच्या तोंडाशी जाऊन नाही म्हणायची वेळ कुठल्याच लेकरावर येऊ नये.

त्या दोन तासांत मी आणि आई बोटीतून फिरलो. पार्कमध्ये एक वाफेच्या बोटीसारखी दिसणारी बोट आहे जी एका भागातून दुसऱ्या भागात नेते, आणि अमेरिकन वॉटरफ्रंटपासून पोर्ट डिस्कव्हरीपर्यंत एक छोटी इलेक्ट्रिक रेल्वे. लोक यांना राइड म्हणून मोजत नाहीत म्हणून रांगा लहान असतात, पण म्हाताऱ्या माणसांसाठी ही सोन्यासारखी गोष्ट आहे, बसल्या बसल्या पार्कचं दुसरं टोक येतं. गोंडोलासुद्धा केली, व्हेनिससारख्या कालव्यातून वल्हवत नेतात, बोटवाला जपानीत काहीतरी सांगत होता आणि सगळे हसत होते, आम्हाला एक शब्द कळला नाही. मग पुलाखालून जाताना सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा शेजारच्या बाईंनी खुणेने सांगितलं की मनात काहीतरी मागा. आईने मागितलं, काय ते अजून सांगितलेलं नाही.

आणि सिंदबाद. ही राइड बहुतेकांच्या यादीत नसते, माझ्याही नव्हती. अरेबियन कोस्टमध्ये आहे, होडीतून संथ जायचं, दोन्ही बाजूंना हलणाऱ्या बोलणाऱ्या बाहुल्या, शंभरावर आहेत, आणि सिंदबादच्या सोबत एक छोटंसं वाघाचं पिल्लू. त्या पिल्लाचं नाव चंदू. खरंच चंदू. माझ्या मामाचं घरचं नाव चंदू आहे, आईचा धाकटा भाऊ. मी तिला सांगितलं मात्र, त्यानंतर प्रत्येक वळणावर ती चंदू कुठाय ते शोधत होती आणि दिसला की हाक मारत होती. आम्ही रांगेत दहा मिनिटंसुद्धा उभ्या नव्हतो. संध्याकाळी लेकीला दाखवायला आम्ही सगळे पुन्हा गेलो, म्हणजे एकच राइड दोनदा, जी कागदावर मुळात नव्हतीच.

खाण्याचं. सोबत शाकाहारी माणूस असेल तर हे हलक्यात घेऊ नका. बाहेरून जेवणाचा डबा आत नेता येत नाही, प्रवेशाच्या बाहेर पिकनिक एरिया आहे तिथे बसून खायचं. त्याच दिवशी बाहेर जाऊन परत आत येता येतं, त्यामुळे आम्ही डबा स्टेशनजवळच्या लॉकरमध्ये ठेवला होता आणि साडेअकराला, गर्दीच्या आधी, चौघंही बाहेर येऊन खाऊन गेलो. यात तास गेला, पण आईचं पोट भरलं आणि पुढचे आठ तास ती आनंदात होती. आत अरेबियन कोस्टमध्ये करी आणि नान मिळतात, पण करी बहुतेक मांसाहारी असते, आणि जपानमध्ये भाजीच्या सूपातही माशाचा अर्क असतो हे चार दिवसांत कळलं होतं. संध्याकाळी पॉपकॉर्न, बटाट्याचे फ्राइज आणि गरम चहा. पॉपकॉर्नच्या गाड्या भागाभागात वेगळ्या चवीच्या असतात, लोक गळ्यात बादली अडकवून फिरतात, लेकीने ती घेतलीच. नवरा मांसाहारी आहे, त्याने अ‍ॅपवरून आधीच ऑर्डर देऊन ठेवली आणि वेळ झाल्यावर जाऊन उचलली, रांग नाही. अ‍ॅपवरून ऑर्डर करायचं सकाळीच करून टाका, जेवणाच्या वेळा भरत जातात.

नोव्हेंबरमध्ये टोकियोत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आधी मला वाटलं होतं की हे नुकसान आहे, दिवस लहान. पण डिस्नीसी दिव्यांत जितकं सुंदर दिसतं तितकं दिवसा नाही, आणि आम्हाला अंधारातले चार तास मिळाले. ज्वालामुखीतून आग निघते ती अंधारात बघायची, आणि सगळीकडे नाताळची सजावट लागलेली. थंडी मात्र खाडीच्या वाऱ्याने एकदम वाढते. दुपारी आम्ही स्वेटर काढून फिरत होतो आणि सहाला कानटोप्या घालून. आईचे मोजे, शाल, लेकीचा जाड कोट हे सगळं लॉकरमधून दुपारीच काढून घेतलं होतं, म्हणून बरं. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी याच्या नेमकं उलट करावं, ऑगस्टमध्ये तिथे आपल्याहून वाईट घाम येतो, तेव्हा सकाळ आणि रात्र धरायची आणि दुपार एसीत.

बंदरातल्या रात्रीच्या शोसाठी लोक तासभर आधी चटया टाकून बसतात, पुढच्या रांगा बसूनच बघतात. आम्ही पाऊण तास आधी बसलो. त्या वेळात अजून एक राइड झाली असती. नवऱ्याला टॉवर ऑफ टेरर करायचं होतं, त्याने ते सोडलं. सोअरिंगसुद्धा राहिलं, दोन तासांच्या वर रांग दिसत होती दिवसभर. मला त्याचं वाईट वाटलं का, तर हो, थोडं वाटलं, इतक्या लांब गेलो होतो. पण आई आणि लेक एका शालीत बसून समोरच्या पाण्यावरचे दिवे बघत होत्या आणि दोघींपैकी कुणीही विचारलं नाही की आता पुढे कुठे जायचं.

मोजायचं म्हटलं तर दिवसभरात माझ्या सहा राइड्स झाल्या, सिंदबाद दोनदा धरून, आणि लेकीच्या आठ. व्हिडिओत लोक पंधरा-सोळा सांगतात. ते होतही असेल, दोन तरुण माणसं सकाळी पळत सुटली तर. पण ते बघून चौघांचं कुटुंब प्लॅन करू लागलं की भांडणं होतात, हे मी माझ्याच घरात बघितलंय, म्हणून सांगतेय.

शो संपल्या संपल्या निघालो. बंद व्हायची वेळ नऊची होती, पण नऊला निघालं की सगळं पार्क एकाच वेळी मोनोरेलवर. दुकानांतली खरेदी आम्ही दुपारीच केली होती, मी आणि आई होतो तेव्हा, रात्री दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती. माइहामाला ट्रेनमध्ये आईला लगेच जागा मिळाली, लेक तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, हाच्चोबोरीला उठवून पुन्हा उएनोपर्यंत. हॉटेलवर पोचलो तेव्हा माझ्या फोनवर चोवीस हजार पावलं होती आणि आईची त्यापेक्षा नक्कीच कमी असणार, कारण बोटी आणि रेल्वे.

पाचव्या दिवशी साडेनऊला उठलो. उएनो पार्कमध्ये पिवळी झालेली गिंकोची झाडं होती, खाली पानांचा सडा. आईने बाकावर बसून मामाला फोन लावला आणि पहिलं वाक्य हेच की अरे इथे तुझ्या नावाचा वाघ आहे.